दिसणे आणि ओळखणे : विषाणूजन्य जठरांत्रशोथाचे प्रयोगशाळेतील निदान

जंतू न सापडलेली साथ

अमेरिकेच्या ओहायओ राज्यात नॉरवॉक नावाचे एक लहानसे शहर आहे. १९६८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस तेथील एका प्राथमिक शाळेतील मुले व शिक्षक एकाएकी आजारी पडू लागले. मळमळ, उलट्या, पोटात कळा, काहींना जुलाब व थोडासा ताप अशी आजाराची लक्षणे होती. एक-दोन दिवसांतच शाळेतील जवळजवळ निम्मी माणसे अंथरुणाला खिळली. आजार जसा झपाट्याने आला तसाच तो ओसरलाही. परंतु तेवढ्या अवधीत आजारी मुलांच्या घरच्या माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांश माणसांना त्याने गाठले. आरोग्य खात्याच्या तज्ज्ञांनी रोग्यांचा मल तपासला. पटकी, आमांश, विषमज्वर यांसारखे रोग घडवून आणणाऱ्या जिवाणूंपैकी एकही त्यांत आढळला नाही. साथ होती, रोगी होते; रोगाचे कारण मात्र हाती लागत नव्हते.

ही स्थिती केवळ नॉरवॉकपुरती मर्यादित नव्हती. जठर व आतडे यांना सूज येऊन उलट्या व जुलाब होणे यास वैद्यकात जठरांत्रशोथ असे म्हणतात. बोलीभाषेत आपण त्यालाच ‘गॅस्ट्रो’ म्हणून ओळखतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रोगाच्या जिवाणूंची बरीच माहिती झालेली होती. तरीदेखील जगातील कोणत्याही मोठ्या बालरुग्णालयात जुलाबाने आजारी असलेल्या मुलांचे मल तपासले असता बहुसंख्य नमुन्यांत कोणताच ज्ञात जंतू सापडत नसे. अशा वेळी रोग्याच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ असे लिहिण्यापलीकडे डॉक्टरांना काही करता येत नसे. दर वर्षी लक्षावधी बालकांचे प्राण घेणाऱ्या रोगाबाबत हे अज्ञान सहन करण्याजोगे नव्हते. कारण कळल्याशिवाय लस बनविता येत नाही, साथीचा माग काढता येत नाही आणि प्रतिजैविक औषधे कोणाला द्यावीत व कोणाला देऊ नयेत हेही ठरविता येत नाही.

गाळणीपलीकडे गेलेले कारण

या आजाराचे मूळ एखाद्या विषाणूत असावे, अशी शंका पूर्वीपासूनच होती. नॉरवॉकच्या रोग्यांच्या मलाचे पाण्यासारखे पातळ द्रावण करून ते अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळण्यात आले. जिवाणू ज्यातून पलीकडे जाऊ शकत नाहीत, अशी ती गाळणी होती. हे गाळलेले द्रव निरोगी प्रौढ स्वयंसेवकांनी प्यायल्यावर त्यांच्यापैकी काहींना तोच आजार झाला आणि त्यांच्या मलाच्या गाळलेल्या द्रवाने तो पुढे आणखी इतरांना झाला. यावरून रोगाचे कारण जिवाणूहून लहान आहे आणि ते शरीरात वाढते, एवढे निश्चित झाले. नुसते विष असते तर एकापासून दुसऱ्याकडे जाताना ते विरळ होत होत नाहीसे झाले असते.

परंतु येथेच शोधाची वाट खुंटली. जिवाणू मांसरसासारख्या पोषक द्रवावर वाढविता येतात. विषाणू मात्र जिवंत पेशीतच वाढतात. देवी, पोलिओ, गोवर यांसारख्या रोगांचे विषाणू प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींत वाढविण्याची कला संशोधकांना साध्य झालेली होती. नॉरवॉकचा विषाणू मात्र त्यांनी दिलेल्या कोणत्याही पेशीत वाढण्यास तयार नव्हता. जो वाढत नाही, त्याचा पुरवठा होत नाही. आणि पुरवठा नसेल तर तपासणीही होत नाही. राहता राहिला एकच मार्ग : तो प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे.

छायेच्या रूपाने दिसणारे कण

साध्या सूक्ष्मदर्शकाची दृष्टी प्रकाशाच्या तरंगलांबीने मर्यादित केलेली असते. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यात वेगळे दिसत नाहीत. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जठरांत्रशोथाचे बहुतेक विषाणू २५ ते ८० नॅनोमीटर व्यासाचे असल्यामुळे ते या सूक्ष्मदर्शकाच्या कक्षेत येऊच शकत नाहीत. १९३१ साली बर्लिन येथे एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी प्रकाशकिरणांऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक बनविला. इलेक्ट्रॉन झोताची तरंगलांबी प्रकाशाच्या मानाने अत्यंत लहान असल्याने विषाणूंचे जग मानवी दृष्टीच्या टप्प्यात आले.

तथापि विषाणू प्रथिने व न्यूक्लिइक अम्ल यांचे बनलेले असतात आणि ही द्रव्ये इलेक्ट्रॉनांना फारशी अडवीत नाहीत. त्यामुळे ते पुसटच दिसत. १९५९ साली सिडनी ब्रेनर व रॉबर्ट हॉर्न यांनी सुचविलेल्या सोप्या रीतीने ही अडचण दूर केली. या रीतीत विषाणूला रंगविण्याऐवजी त्याच्या भोवतालची जागा रंगविली जाते. टंगस्टन या जड धातूच्या संयुगाचा थेंब नमुन्यावर टाकला म्हणजे तो कणांच्या भोवती व त्यांच्या पृष्ठभागावरील खाचांत साचतो आणि वाळतो. भिंतीवर पंजा ठेवून भोवताली रंग उडविला असता पंजाची जागा जशी कोरी राहते, तसा विषाणू काळसर पार्श्वभूमीवर उजळ आकृतीच्या रूपाने दिसू लागतो. या पद्धतीस ऋण रंजन असे म्हणतात. तिला काही मिनिटांचाच अवधी लागतो.

इतके असूनही मलातील विषाणू शोधणे सोपे नव्हते. त्यास दोन कारणे होती. पहिले कारण संख्येचे. सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणारे क्षेत्र अतिशय लहान असते. त्यामुळे एक मिलिलिटर द्रवात सुमारे दहा लाख कण असतील तरच त्यांपैकी एखादा नजरेस पडण्याची शक्यता असते. दुसरे कारण गर्दीचे. मल म्हणजे अन्नाचे अवशेष, मेलेल्या पेशींचे तुकडे, जिवाणू आणि जिवाणूंवर जगणारे विषाणू यांचे मिश्रण. त्यात २७ नॅनोमीटर व्यासाचे गोलसर ठिपके पुष्कळ असतात. एका मिलिमीटरच्या अंतरात असे सदतीस हजार ठिपके एकापुढे एक मांडता येतील. त्यांपैकी कोणता ठिपका विषाणू आणि कोणता निरुपद्रवी कचरा, हे केवळ आकारावरून सांगणे अनुभवी निरीक्षकालाही कठीण होते. दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे.

प्रतिपिंडांची साक्ष

ही ओळख पटविण्याचे साधन रोग्याच्याच रक्तात होते. शरीरात एखादा विषाणू शिरला म्हणजे त्याच्याशी नेमकेपणाने जुळणारी प्रथिने रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. नेहमी आढळणाऱ्या प्रतिपिंडाच्या रेणूला सारखेच दोन हात असतात आणि प्रत्येक हात विषाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक रचनेलाच धरतो. इतर कशालाही तो सहसा शिवत नाही. दोन हात असल्यामुळे एक प्रतिपिंड दोन विषाणुकणांना धरून ठेवू शकते. असंख्य प्रतिपिंडे व असंख्य कण एकत्र आले म्हणजे त्यांची साखळी बनते आणि शेवटी पुष्कळ कणांचा एक घोळका तयार होतो.

या घटनेचा सूक्ष्मदर्शनात उपयोग करण्याची कल्पना तशी जुनी होती. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा विषाणू व त्याची प्रतिपिंडे एकत्र केल्यावर काय घडते, याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील निरीक्षणे टॉमस अँडरसन व वेंडेल स्टॅन्ली यांनी १९४१ सालीच प्रसिद्ध केली होती. मानवी विषाणूंच्या बाबतीत ती विशेष कौशल्याने हाताळली ती जून अल्मेडा यांनी. ग्लासगो येथे १९३० साली जन्मलेल्या या स्त्रीने सोळाव्या वर्षी शाळा सोडून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली होती. पुढे टोरांटो व नंतर लंडन येथे काम करीत असताना त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातील अग्रगण्य तज्ज्ञ बनल्या. विषाणू व प्रतिपिंड यांच्या संयोगाची त्यांनी घेतलेली छायाचित्रे पाहून इतर संशोधकांना या पद्धतीचे सामर्थ्य उमगले. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे डॉ. आल्बर्ट कापिकियन यांनी १९७० साली लंडनमधील आपल्या वास्तव्यात ही पद्धत त्यांच्याकडून शिकून घेतली आणि मायदेशी परतल्यावर नॉरवॉकच्या कोड्याला हात घातला.

या पद्धतीला प्रतिरक्षा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन म्हणतात. तिची कृती थोडक्यात अशी आहे. मलाचे पातळ द्रावण केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून त्यातील जाडाभरडा गाळ काढून टाकतात व उरलेले द्रव गाळून घेतात. या द्रवाचे समान भाग करून एका भागात आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्ताचा रक्तरस मिसळतात. रक्त गोठल्यानंतर वेगळा होणारा पिवळसर द्रव म्हणजे रक्तरस; प्रतिपिंडे त्यातच असतात. हे मिश्रण सुमारे तासभर ठेवून दिले म्हणजे प्रतिपिंडांना आपापले विषाणू शोधण्यास वेळ मिळतो. त्यानंतर ते पुन्हा अतिशय वेगाने फिरवितात. सुटे कण हलके असल्यामुळे त्यांना तळाशी नेणे कठीण असते; परंतु घोळके जड असल्यामुळे ते सहज खाली बसतात. तळाचा गाळ ऊर्ध्वपातित पाण्याच्या काही थेंबांत कालवून त्यावर टंगस्टनच्या संयुगाचे रंजन करतात आणि तो तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या बारीक जाळीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

कापिकियन व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या जाळीवर २७ नॅनोमीटर व्यासाच्या कणांचे घोळके दिसले. प्रत्येक कणाभोवती प्रतिपिंडांचे लवेसारखे अस्पष्ट वेष्टन होते. एकटा-दुकटा ठिपका संशयास्पद ठरला असता. पण सारख्याच आकाराच्या कणांचा, वेष्टनात गुंडाळलेला घोळका हा कचऱ्याचा योगायोग असण्याचा संभव फारच कमी. हे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. मानवी जठरांत्रशोथाशी संबंधित असा विषाणुसदृश कण निर्विवादपणे ओळखला गेल्याची ही पहिली नोंद होय.

जोडनमुन्यांचे महत्त्व

येथे चिकित्सक वाचकाच्या मनात एक आक्षेप उभा राहील. घोळका दिसला म्हणजे त्या कणाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आहेत एवढेच सिद्ध झाले. तो कण कदाचित आतड्यात नेहमीच वास करणारा निरुपद्रवी पाहुणा असेल आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे त्या माणसाच्या रक्तात लहानपणापासून असतील. मग आजाराचा ठपका त्या कणावर ठेवावा कसा?

या आक्षेपाचे उत्तर जोडनमुन्यांत आहे. रोग्याच्या रक्ताचा एक नमुना आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत घेतात आणि दुसरा नमुना बरे झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी घेतात. कणांचा साठा एकच ठेवून दोन्ही रक्तरसांची त्याच्याशी वेगवेगळी गाठ घालून देतात. शिवाय एका नळीत रक्तरसाऐवजी नुसते क्षारयुक्त पाणी घालतात, म्हणजे प्रतिपिंडांवाचून कण आपोआप चिकटतात की काय, हे कळते. कणांवर चढलेल्या प्रतिपिंडांच्या वेष्टनास शून्य ते चार असे गुण देण्याची पद्धत आहे. वेष्टन मुळीच नसेल तर शून्य. कण जवळजवळ झाकून गेला असेल तर चार. पहिल्या नमुन्यास शून्य किंवा एक आणि दुसऱ्यास तीन किंवा चार गुण मिळाले, तर त्याचा अर्थ असा की, त्या माणसाच्या शरीराने याच आजाराच्या काळात या कणाविरुद्ध नव्याने प्रतिपिंडे तयार केली. नॉरवॉकच्या साथीतील काही रोग्यांच्या व स्वयंसेवकांच्या जोडनमुन्यांत नेमकी अशीच वाढ आढळून आली.

गुण देण्याचे काम अखेर मानवी डोळाच करतो आणि डोळा मनाच्या इच्छेला वश होतो. म्हणून नमुन्यांवर रोग्याचे नाव किंवा तारीख न लिहिता केवळ सांकेतिक क्रमांक घालण्याची दक्षता घेण्यात आली. कोणता रक्तरस आजारापूर्वीचा व कोणता नंतरचा, हे निरीक्षकाला गुण देऊन होईपर्यंत कळत नसे. प्रतिपिंडांचे प्रमाणही जपावे लागते. ते फार कमी असेल तर घोळका बनत नाही. फार जास्त असेल तर प्रत्येक कणाचे सर्व पृष्ठ आधीच व्यापले जाते, दुसऱ्या कणाला धरण्यास जागा उरत नाही आणि वेष्टनाखाली कणाचा आकारही लपून जातो. यासाठी रक्तरस निरनिराळ्या प्रमाणांत विरळ करून पाहतात.

ही पद्धत किती फलदायी आहे, याचा प्रत्यय लवकरच आला. स्टीव्हन फाइनस्टोन, कापिकियन व रॉबर्ट पर्सेल यांनी १९७३ साली याच रीतीने ‘अ’ प्रकारच्या संसर्गजन्य काविळीचा विषाणू रोग्यांच्या मलात दाखवून दिला. पेशींत न वाढणारे विषाणूही आता ओळखीच्या कक्षेत आले होते.

चाकाच्या आकाराचा विषाणू

नॉरवॉकचा विषाणू मोठ्या मुलांना व प्रौढांना एक-दोन दिवस बेजार करणारा. तान्ह्या मुलांच्या प्राणांवर बेतणाऱ्या जुलाबांचे मुख्य कारण मात्र वेगळेच निघाले आणि ते ऑस्ट्रेलियात सापडले. १९७३ साली मेलबर्न येथील बालरुग्णालयात रूथ बिशप व त्यांचे सहकारी तीव्र जुलाबाने आजारी असलेल्या बालकांच्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून अस्तराचा कणभर तुकडा काढून त्याचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. तपासलेल्या नऊ बालकांपैकी सहा जणांच्या आतड्याच्या पेशींत त्यांना विषाणूंचे कण दिसले. बरे झाल्यावर पुन्हा तपासलेल्या बालकांच्या अस्तरात ते आढळले नाहीत.

आतड्याचा तुकडा काढणे ही काही नित्याची तपासणी होऊ शकत नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे थॉमस फ्ल्यूएट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋण रंजन केलेल्या मलातच हे कण दिसतात, असे दाखविल्याने ही अडचण उरली नाही. सुमारे ७० नॅनोमीटर व्यासाचे हे कण रुंद तुंबा, आखूड आरे आणि रेखीव धाव असलेल्या चाकासारखे दिसतात. लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात. त्यावरून फ्ल्यूएट यांनी १९७४ साली सुचविलेले ‘रोटाविषाणू’ हे नाव रूढ झाले. भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी मेलबर्नच्या इयान होम्स यांच्या साहाय्याने अशाच विषाणूंची नोंद १९७४ सालीच केली. त्यामुळे हा रोग श्रीमंत देशांच्या थंड हवेपुरता नाही, हे प्रारंभीच स्पष्ट झाले.

रोटाविषाणू पाहण्यासाठी प्रतिपिंडांची गरज पडली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याचे कारण त्याची विपुलता व त्याचा आकार. आजाराच्या ऐन भरात बालकाच्या एक ग्रॅम मलात एक हजार कोटींहूनही अधिक कण असू शकतात आणि त्यांचा आकार असा स्वतंत्र आहे की त्याची दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. १९७५ साली नोंदलेला, पृष्ठभागावर चांदणीसारखी आकृती असलेला ॲस्ट्रोविषाणू आणि षट्कोनी दिसणारा ॲडेनोविषाणू हेही पुष्कळदा नुसत्या आकारावरून ओळखता येतात. लहान व गुळगुळीत कणांच्या बाबतीत मात्र प्रतिपिंडांवाचून चालत नाही.

असणे आणि आजार घडविणे

एखादा विषाणू मलात असणे आणि त्याने आजार घडविणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. वेल्लोर येथीलच संशोधकांनी १९७५ साली मानवी मलात काटेरी कडा असलेले विषाणुसदृश कण आढळल्याचे प्रसिद्ध केले; परंतु जुलाब नसलेल्या माणसांच्या मलातही असे कण सापडत असल्याने त्यांना रोगाचे कारण ठरविता आले नाही. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत तर १९८० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, नवजात अर्भकांच्या मलात रोटाविषाणू असूनही त्यांना जुलाब होत नव्हते. म्हणून निदान करणाऱ्याने निरोगी मुलांचे नमुनेही तेवढ्याच काळजीने तपासावे लागतात आणि शक्य असेल तेथे जोडनमुन्यांची साक्ष काढावी लागते.

प्रतिपिंडांच्या बाबतीतही असाच सावधपणा हवा. ओळख पटविणारे प्रतिपिंड संरक्षण देतेच असे नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही स्वयंसेवकांना दोन-तीन वर्षांच्या अंतराने नॉरवॉकच्या विषाणूचा पुन्हा संसर्ग घडविण्यात आला. पहिल्या वेळी आजारी पडलेलेच दुसऱ्याही वेळी आजारी पडले आणि ज्यांना पहिल्या वेळी काही झाले नव्हते ते दुसऱ्या वेळीही बचावले. या कोड्याचा उलगडा पुष्कळ वर्षांनी झाला. काही माणसांच्या आतड्याच्या अस्तरावर, रक्तगटाशी संबंधित असलेली व या विषाणूला चिकटण्यासाठी लागणारी साखरेची रचना जन्मतःच नसते. त्यामुळे तो विषाणू त्यांच्या आतड्यात शिरकाव करू शकत नाही.

सूक्ष्मदर्शकाकडून तबकडीकडे

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे महागडे यंत्र आहे. त्यास निर्वात पोकळी, स्थिर वीजपुरवठा व तरबेज माणूस लागतो आणि एक नमुना नीट पाहण्यास बराच वेळ जातो. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या शेकडो बालकांची तपासणी त्यावर करणे अशक्यच. सूक्ष्मदर्शकाने विषाणूंची ओळख करून दिली. ती ओळख सर्वत्र पोहोचविण्याचे काम ‘एलायझा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीने केले. स्वीडनमधील एवा एंगवाल व पेटर पर्लमान यांनी आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समधील संशोधकांनी ती १९७१ साली मांडली व १९७७ च्या सुमारास ती रोटाविषाणूसाठी वापरण्यात येऊ लागली.

या पद्धतीतही काम प्रतिपिंडच करते. फक्त त्याची खूण डोळ्यांना दिसेल अशी केलेली असते. प्लॅस्टिकच्या एका तबकडीत ९६ लहान खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाला रोटाविषाणूची प्रतिपिंडे चिकटवून ठेवतात. त्यात मलाचे द्रावण घातले व काही वेळाने खळगा धुऊन काढला, म्हणजे विषाणू असल्यास तो प्रतिपिंडांच्या पकडीत राहतो व बाकीचे सारे वाहून जाते. यानंतर त्याच विषाणूला धरणारी दुसरी प्रतिपिंडे घालतात. या प्रतिपिंडांना एक एंझाइम जोडलेले असते. पुन्हा धुतल्यावर, विषाणू अडकलेला असेल तेवढ्याच खळग्यांत एंझाइम शिल्लक राहते. शेवटी एक रंगहीन द्रव घालतात. एंझाइमच्या क्रियेने त्यास रंग येतो. जितका विषाणू अधिक तितका रंग गडद. एका दिवसात शेकडो नमुने तपासता येतात आणि त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नसते.

या सोयीबरोबर फसगतीची शक्यताही आली. सूक्ष्मदर्शकात निरीक्षक स्वतः विषाणूचा आकार पाहतो; येथे तो केवळ रंग पाहतो. मलातील काही प्रथिने प्रतिपिंडांना त्यांच्या हातांऐवजी शेपटीकडून धरतात आणि विषाणू नसतानाही रंग उमटतो. म्हणून प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घालतात. एकात विषाणूची प्रतिपिंडे असतात, दुसऱ्यात ज्या प्राण्याला विषाणू कधी टोचलेला नाही अशा प्राण्याच्या रक्तरसातील तशीच प्रथिने असतात. दोन्हीकडे रंग आला तर तो निकाल अग्राह्य धरतात. संशय उरल्यास रोगमुक्त व्यक्तीचा रक्तरस आधी मिसळून रंग फिका पडतो की नाही, ते पाहतात. हेतू जुनाच आहे : दिसलेल्या खुणेला साक्षीदाराची जोड मिळाली पाहिजे.

नॉरवॉकच्या विषाणूला मात्र या सुलभ पद्धतीची पुष्कळ वाट पाहावी लागली. कारण तबकडीसाठी लागणारे शुद्ध विषाणुद्रव्य मिळविण्यास स्वयंसेवकांच्या मलावाचून दुसरा मार्ग नव्हता. १९९० साली त्याच्या जनुकद्रव्याची प्रतिकृती तयार करण्यात आली. १९९२ साली कीटकांच्या पेशींत त्याची पोकळ कवचे बनविता आली आणि मग हवी तेवढी प्रतिपिंडे उपलब्ध झाली. आज तो विषाणू ‘नोरोविषाणू’ या नावाने ओळखला जातो. मानवी आतड्याच्या मूलपेशींपासून वाढविलेल्या ऊतीत तो वाढविण्यात २०१६ साली यश आले. म्हणजे नॉरवॉकच्या साथीनंतर सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी.

निदान कशासाठी

जुलाबाने आजारी असलेल्या एकेका बालकाच्या उपचारात प्रयोगशाळेच्या या निकालाने फारसा फरक पडत नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कारण कोणतेही असो, बालक दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी, १९७१ साली, बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रोग्यांना मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडावाटे देऊन वाचविले. तोच उपाय विषाणूजन्य जुलाबासही लागू पडतो. त्यासाठी विषाणूचे नाव कळेपर्यंत थांबण्याची गरज नसते आणि थांबूही नये.

निदानाचे खरे मोल समाजाच्या पातळीवर आहे. जुलाब विषाणूमुळे झाला असेल तर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात, हे डॉक्टराला कळते. साथ विहिरीच्या पाण्यातून पसरली, की स्वयंपाकघरातून, की एका हातातून दुसऱ्या हातात गेली, याचा माग लागतो. शेवटी, कोणत्या विषाणूविरुद्ध लस बनवावी हे ठरते. तबकडीवरील तपासणीमुळेच अनेक देशांतील रुग्णालयांना एकाच मापाने मोजणी करता आली. अशा मोजण्यांच्या आधारे, २००८ साली जगात रोटाविषाणूमुळे पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ५३ हजार बालके मृत्युमुखी पडली व त्यांपैकी एक-पंचमांशाहून अधिक भारतातील होती, असा अंदाज मांडण्यात आला. एकेकाळी ‘कारण अज्ञात’ या दोन शब्दांआड दडलेले हे मृत्यू होते.

दिल्लीतील ज्या अर्भकांना विषाणू असूनही जुलाब होत नव्हते, त्यांच्यापैकीच एकाकडून मिळालेल्या विषाणूपासून डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ परिश्रमांनंतर एक भारतीय लस सिद्ध झाली. २०१६ साली रोटाविषाणूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात प्रथम चार राज्यांत सुरू झाली आणि पुढे ती देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम संस्थेत बनणारी याच रोगावरील दुसरी लस ज्या विषाणूंपासून तयार होते, ते गाय व मानव या दोहोंच्या रोटाविषाणूंच्या संकरातून कापिकियन यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते.

आज विषाणूच्या जनुकद्रव्याचे अंशही कोट्यवधी पटींनी वाढवून ओळखणाऱ्या पद्धती प्रचारात आहेत आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे नित्याचे काम त्यांनी घेतले आहे. परंतु या पद्धती ज्याचा शोध घेण्यास सांगावे त्याचाच शोध घेतात. अनोळखी विषाणूचे रूप दाखविण्याचे सामर्थ्य अजूनही सूक्ष्मदर्शकातच आहे. शिवाय नवी तपासणी इतकी संवेदनशील आहे की निरोगी बालकांच्या मलातही ती विषाणूंचे अंश दाखविते. त्यामुळे १९७२ साली कापिकियन यांच्यासमोर असलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो : जे सापडले ते आजाराचे कारण आहे, की केवळ वाटेवरचा प्रवासी? त्याचे उत्तर आजही निरोग्यांशी तुलना करून आणि आजाराआधीच्या व नंतरच्या रक्ताची साक्ष काढूनच द्यावे लागते.